जपानचीं काष्ठचित्रें व त्यांच्या नकला

अंजनगांव सुर्जीच्या उत्तरेस मेळघाटाच्या डोंगरांची रांग आहे. त्या डोंगरांत, चिखलदऱ्यापाशीं, गाविलगड उभा आहे. १८०३ च्या डिसेंबरांत हा गड इंग्रजांच्या हातीं पडला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामधील तह अंजनगांवास झाला, एवढें इतिहासाच्या पुस्तकांतून बहुतेकांस ठाऊक असतें. गडाच्या दरवाज्यावर कोरलेल्या प्राण्यांकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें. तेथें सिंह आहेत आणि दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी आहे. असा पक्षी कोणीं कधीं पाहिला नाहीं. तरी ज्यानें तो कोरला त्याच्या मनांत त्याच्या चोचीविषयीं किंवा नखांविषयीं तिळमात्र शंका नव्हती. दगडांतील या प्राण्याची अडचण एवढीच कीं, तो आपल्या जागेवरून हालत नाहीं. त्याला पाहावयाचें तर गड चढून जावें लागतें. कागदावरचा प्राणी तसा नसतो. तो आपण होऊन माणसाच्या घरीं येतो.

वऱ्हाडांतील जुन्या घरांच्या माजघरांत आणि देवघरांत असे कितीतरी प्राणी कागदावरून आलेले आहेत. खांब फोडून निघालेला नरसिंह, विष्णूला पाठीवर घेतलेला गरुड, रावणाशीं झुंजणारा जटायू, फणा उभारलेला शेष. हे सारे पुण्याच्या चित्रशाळेंतून किंवा रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेले. आतां त्याच भिंतींवर एक परका पाहुणा दिसूं लागला आहे. घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी कोठून तरी एक जपानी चित्र आणून लावते. त्यांत वाड्याच्या पडद्याआडून एक प्रचंड हाडांचा सांगाडा वाकून पाहत असतो, किंवा लांब नाकाचा, पंखांचा एखादा डोंगरी भूतगण उड्डाण करीत असतो. घरांतील वडील मंडळी प्रथम दचकतात आणि मग एकच प्रश्न विचारतात: "हें खरें चित्र कीं नक्कल?"

प्रश्न सरळ आहे. उत्तर तितकें सरळ नाहीं. या चित्रांच्या बाबतींत 'खरें' कशास म्हणावें, हेंच आधीं ठरवावें लागतें. तें ठरविल्यावांचून केलेली खरेदी कधीं ठकवून घेणारी ठरते, तर कधीं उत्तम वस्तूला उगाच हलकी ठरविणारी.

वऱ्हाड आणि जपान यांची ओळख तशी जुनी आहे. वऱ्हाडचा कापूस परदेशच्या बाजारांत 'ऊमरा' या नांवानें विकला जाई. उमरावती, म्हणजे अमरावती, यावरून तें नांव पडलें. १८९३ मध्यें जमशेटजी टाटा यांच्या प्रयत्नानें आणि निप्पोन यूसेन कैशा या जपानी कंपनीच्या सहकार्यानें मुंबई ते कोबे अशी आगबोटींची फेरी सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठीं. हिंदुस्थानचा कापूस जपानच्या गिरण्यांत गेला आणि परतीच्या वाटेनें जपानी माल इकडे आला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जपानी आगपेट्या येथील बाजारांत भरून राहिल्या होत्या. त्या पेट्यांवरील इवल्याशा चित्रांत हत्ती असत, वाघ असत, आणि हिंदूंच्या देवदेवताही असत. गिऱ्हाइकाला कोणता देव प्रिय आहे हें त्या व्यापाऱ्यांनीं नीट हेरलें होतें. छापील चित्राची अशी दृष्टि त्या देशाला एकाएकीं आलेली नव्हती. तिच्यामागें दीडशें-दोनशें वर्षांची वहिवाट होती.

ही वहिवाट 'उकियो-ए' या नांवानें ओळखली जाते. क्षणभंगुर, तरंगत्या जगाचीं चित्रें, असा त्या शब्दाचा अर्थ. एदो, म्हणजे आजचें तोक्यो, या शहरांत हीं चित्रें अक्षरशः रस्त्यावरच्या दुकानांत विकलीं जात. एका तावाची किंमत शेवयांच्या एका वाडग्याइतकी असे. राजवाड्यांत किंवा देवळांत टांगण्याची ही कला नव्हती. हमाल, दुकानदार, नाटकाचा शोकी, खेड्यांतून आलेला प्रवासी, हे तिचे आश्रयदाते. घरीं जातांना पोराबाळांसाठीं कांहीतरी न्यावें, तसें चित्र नेलें जाई.

तें तयार कसें होई, हें समजून घेणें अगत्याचें आहे. एका चित्रामागें चार असामी असत. प्रकाशक भांडवल घाली आणि विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांनीं आकृति काढी. कोरणारा कारागीर तो कागद डोंगरी चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर उलटा चिकटवी. (हिमालयांत होणारें आणि वैद्यांना परिचित असलेलें पद्मकाष्ठ हें याच जातकुळींतील झाड.) मग तो रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचें लाकूड कोरून काढी. केसांच्या बटा आणि डोळ्यांच्या पापण्या कोरण्याचें काम मुख्य कारागिराकडे असे. कपड्यांवरील नक्षी शिकाऊ उमेदवार करीत. या पहिल्या फळीवरून कांहीं ताव काढून त्यांवर कोणता रंग कोठें यावा याच्या खुणा केल्या जात, आणि प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरला जाई. १७६५ च्या सुमारास हारुनोबू या चित्रकाराच्या काळीं अनेक रंगांचीं अशीं चित्रें प्रथम विपुल निघूं लागलीं. त्यांना 'निशिकि-ए', म्हणजे किनखापी चित्रें, असें नांव पडलें.

शेवटचा मान छापणाऱ्याचा. त्याच्याजवळ यंत्र नव्हतें. ठशावर पाण्यांत कालविलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशानें पसरावयाची, वर ओलसर ताव ठेवावयाचा आणि 'बारेन' नांवाच्या वाटोळ्या गादीनें तो मागच्या बाजूनें घासावयाचा, एवढीच त्याची सामग्री. ही गादी बांबूच्या कोंबावरील सालीचे धागे वळून केलेली आणि त्याच सालीनें मढविलेली असते. ताव दहा वेळां दहा ठशांवर ठेवला तरी रंग रेषेबाहेर जाऊं नये, म्हणून प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यांत व एका कडेला लहान खांच असते. तावाची कड तिच्यांत बसविली कीं सारे रंग आपापल्या जागीं येतात. लाकडी ठशांनीं लुगडीं व जाजमें छापणाऱ्या आपल्याकडील छिप्यांना या युक्तीचें मर्म चटकन कळेल. कागद तुतीच्या जातीच्या झुडुपाच्या सालीचा असे. रंग फुटूं नये म्हणून त्यास सरस व तुरटी यांचें पाणी देत. रंगही येथील घरांना अनोळखी नव्हेत. काळा रंग काजळाचा, चकाकी अभ्रकाची, आणि तांबडा बहुधा करडईच्या फुलांपासून काढलेला कुसुंबी. वऱ्हाडच्या शेतांत उभें राहणारें हेंच पीक जपानी अप्सरेच्या ओठांवर आणि राक्षसाच्या जिभेवर चढत असे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. चित्रकारानें काढलेली आकृति फळीवर चिकटविली आणि कोरणाऱ्याच्या हत्यारानें ती लाकडाबरोबर कापली गेली. म्हणजे मूळ हस्तचित्र हें ठसा जन्मास येतांनाच नष्ट झालें. रविवर्म्याच्या चित्राची गोष्ट वेगळी आहे. त्यानें कापडावर तैलचित्र रंगविलें. तें एका ठिकाणीं राहिलें. त्याची प्रतिकृति दगडांवर उतरून छापखान्यांत हजारों ताव निघाले. तेथें एक मूळ आहे आणि बाकी साऱ्या प्रती आहेत. जपानी काष्ठचित्रांत पहिला छाप हीसुद्धां प्रतच असते, आणि हजारावा छाप हीसुद्धां प्रतच. ज्याची नक्कल व्हावी असें एकमेव मूळ तेथें कधीं नव्हतेंच. या चित्रांत खऱ्या-खोट्याचा भेद नाहीं असा याचा अर्थ नव्हे. तो भेद चित्र कोणत्या ठशावरून, कोणाच्या हातून आणि केव्हां निघालें, यावर अवलंबून असतो.

या कलेंत अद्भुत प्राण्यांना एवढें स्थान कां मिळालें, याचें उत्तर अंशतः लोकांच्या आवडींत आहे आणि अंशतः सरकारच्या नावडींत. १७७६ मध्यें तोरियामा सेकिएन यानें भुताखेतांचा एक सचित्र कोशच छापला. उन्हाळ्याच्या रात्रीं शंभर वाती लावून बसावयाचें, एकेक भयकथा संपली कीं एकेक वात विझवावयाची, असा एक खेळ त्या देशांत होता. त्यावरून होकुसाई यानें १८३१ च्या सुमारास 'शंभर कथा' ही चित्रमाला काढली. नांव शंभरांचें असलें तरी तिचीं पांचच चित्रें आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एकांत शिंगांची 'हान्या' राक्षसी हंसते आहे. 'हान्या' हा उच्चार संस्कृत 'प्रज्ञा' या शब्दाचें जपानी रूप होय. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें गेलेले आपले शब्द आणि आपले देव तेथें असे वेश पालटून भेटतात. यम तेथें 'एन्मा' झाला, गरुड 'कारुरा', राक्षस 'रासेत्सु', यक्ष 'याशा'.

भिंतीवरच्या त्या प्रचंड सांगाड्याच्या चित्रांतही हा यक्ष लपलेला आहे. तें चित्र कुनियोशी यानें १८४४ च्या सुमारास तीन तावांवर मिळून काढलें. बंडखोर सरदार मासाकादो मारला गेल्यावर त्याची कन्या ताकियाशा पडक्या वाड्यांत मंत्रविद्येनें भूत उठविते, अशी कथा. तिच्या नांवांतील 'याशा' हाच आपला यक्ष. ज्या कादंबरीवरून चित्र घेतलें तींत लहान लहान अनेक सांगाडे आहेत. कुनियोशीनें ते सारे वितळवून एकच डोंगराएवढा सांगाडा उभा केला, आणि बरगड्या व मणके यांची मांडणी अशी बिनचूक केली कीं, त्यानें पाश्चात्त्य शारीरशास्त्राचीं चित्रें पाहिलीं असावींत असें जाणकार मानतात.

सरकारच्या नावडीचा परिणाम याच चित्रकाराच्या चरित्रांत दिसतो. जपानांत चित्र छापण्यापूर्वीं तपासनिसाचा शिक्का घ्यावा लागे. अंजनगांवचा तह झाला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८०४ मध्यें, उतामारो या थोर चित्रकाराला हिदेयोशी या ऐतिहासिक राज्यकर्त्याचीं चित्रें काढल्याबद्दल हातांत बेड्या घालून ठेवण्यांत आलें होतें. १८४२ च्या सुमारास काटकसरीच्या नांवाखालीं नटांचीं व गणिकांचीं चित्रेंही बंद झालीं. तेव्हां चित्रकार दंतकथांकडे वळले. १८४३ मध्यें कुनियोशीनें आजारी सरदार योरिमित्सु, त्याचे चार शिलेदार आणि मागें जाळें विणणारा प्रचंड कोळी, असें चित्र काढलें. कथा जुनी आणि निरुपद्रवी. पण कोळ्याबरोबर येणाऱ्या भुतांच्या गर्दींत लोकांनीं जाचक हुकुमांखालीं भरडलेले धंदेवाईक ओळखले आणि निजलेल्या सरदारांत खुद्द शोगुनाला पाहिलें. अफवा पसरतांच प्रकाशकानें घाबरून ताव परत घेतले व ठसे तासून टाकले. तरीही त्याच धर्तीचीं चित्रें दुसऱ्यांनीं चोरून काढलीं. नक्कल हा येथें केवळ व्यापार नव्हता. तोंड दाबलेल्या शहरानें काढलेला तो आवाज होता.

दुसरें उदाहरण याहूनही बोलकें आहे. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे आणि त्यानें मान हलविली कीं धरणीकंप होतो, असें आपल्याकडे आज्या सांगत. जपानांत हें काम भूमीखालच्या एका प्रचंड माशाकडे आहे. काशिमा देव त्याला शिळेनें दाबून धरतो. देवाचें लक्ष चळलें कीं मासा तडफडतो. १८५५ च्या नोव्हेंबरांत एदो शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें आणि हजारों माणसें मेलीं. थोड्याच दिवसांत या माशाचीं शेंकडों चित्रें बाजारांत आलीं. त्यांवर चित्रकाराचें नांव नाहीं, तपासनिसाचा शिक्का नाहीं. कांहींत लोक माशाला बडवीत आहेत. कांहींत सुतार, गवंडी व लांकूडवाले त्याला नमस्कार करीत आहेत, कारण पडलेल्या घरांमुळें त्यांना काम मिळालें. दुःखांत असलेल्या शहराला रडण्याची व हंसण्याची दोन्ही सोय त्या स्वस्त तावांनीं करून दिली. कांहीं आठवड्यांनीं सरकारनें तीं बंद केलीं.

असे हे ताव मुळांत टिकण्यासाठीं केलेले नव्हते. दारांना चिकटविले, मुलांनीं फाडले, वाणसामानाच्या पुड्या बांधल्या गेल्या. ठशांचेंही तेंच. चेरीचें लांकूड महाग, म्हणून चित्राची मागणी संपली कीं फळी तासून तिच्यावर नवें चित्र कोरीत. १८६८ नंतर जपाननें पश्चिमेची कास धरली. शिळाछाप, छायाचित्र आणि वृत्तपत्रें आलीं, आणि कोरणाऱ्यांचीं व छापणाऱ्यांचीं घराणीं पोटासाठीं दुसरीकडे वळूं लागलीं. योशितोशी यानें १८८९ ते १८९२ या काळांत 'छत्तीस भुतें' ही चित्रमाला काढली, ती मावळत्या परंपरेची अखेरची मोठी कामगिरी होय. तिच्या चौकटीच्या कडा कसरीनें खाल्ल्यासारख्या मुद्दाम काढलेल्या आहेत. अजाण गिऱ्हाईक तो ताव खराब समजून परत करतें. खरें पाहतां ती कसर चित्रकाराचीच.

ज्या काळांत एदोकर हीं चित्रें टाकून देत होते त्याच काळांत पॅरिस, लंडन आणि बोस्टन येथील रसिक त्यांसाठीं वाटेल ती किंमत देऊं लागले. मागणी वाढली, माल तोकडा पडला. आणि नकलेचा खरा इतिहास येथून सुरू झाला. तिचे ढोबळ मानानें चार प्रकार सांगतां येतील.

पहिला प्रकार जुन्याच ठशांवरून मागाहून काढलेल्या छापांचा. ठसा खरा, पण झिजलेला. रेषा जाड व तुटक, रंग निराळे आणि घाईचे. दुसरा प्रकार नव्यानें कोरलेल्या ठशांचा. जुना उत्तम छाप समोर ठेवून कारागीर नव्या फळ्यांवर तीच आकृति कोरतो, तसाच कागद, तसाच रंग, तशीच बारेन वापरून हातानें छापतो आणि समासांत आपली मुद्रा देतो. तिसरा प्रकार यंत्रावर फोटोवरून छापलेल्या चित्राचा. आज घरांत येणारीं चित्रें बहुधा याच जातीचीं. चौथा प्रकार मात्र नकलेचा नव्हे, लबाडीचा. फिकट झालेला जुना ताव घ्यावयाचा, नवे ठसे कोरून त्यावर पुन्हां ताजे रंग चढवावयाचे, आणि तो जुना व अस्पर्श म्हणून विकावयाचा. अमेरिकेचे विख्यात वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट हे या चित्रांचे मोठे संग्राहक व विक्रेते होते. त्यांनीं जपानांतून आणून विकलेल्या कांहीं तावांवर असे रंग चढविलेले आहेत, हें १९२० च्या सुमारास उघडकीस आलें. ते स्वतःही फसले होते. परंतु गिऱ्हाइकांची भरपाई त्यांनाच करावी लागली. उभा जन्म ज्यांनीं हीं चित्रें पाहिलीं, त्यांची ही अवस्था. मग सामान्य घरानें जपून वागलें तर त्यांत नवल नाहीं.

दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत हात तोच, हत्यार तेंच, लाकूडही तेंच. भेद एका गोष्टीचा: दुसरा आपलें नांव सांगतो, चौथा तें लपवितो. नक्कल पाप ठरते ती नक्कल म्हणून नव्हे, तर मूळ असल्याचा आव आणल्यामुळें.

आणि नांव सांगून केलेल्या नकलेनें एक असें काम केलें आहे कीं जें संग्रहालयांना साधलें नसतें. क्योतो येथें १८९१ मध्यें स्थापन झालेली उन्सोदो, तोक्योचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो, आणि १९२८ मध्यें सुरू झालेली अदाची यांची कार्यशाळा, यांनीं जुन्या चित्रांचे ठसे नव्यानें कोरविले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत व आगींत वातानाबे यांचा छापलेल्या चित्रांचा आणि ठशांचा सांठा जळून गेला. तरी त्यांनीं काम पुन्हां उभें केलें. या कार्यशाळांमुळें कोरणाऱ्यांस व छापणाऱ्यांस काम मिळालें, त्यांच्याजवळ उमेदवार शिकले, बारेन वळणारे व कागद करणारे जगले. कुनियोशीचा जुना ताव कांचेखालीं ठेवल्यानें ताव जतन होतो. त्याच्या बरगडीची रेषा एका हातानें कशी कोरली असेल तें ज्ञान कांचेखालीं ठेवतां येत नाहीं. तें हातांतून हातांतच जातें, आणि हाताला काम असेल तरच टिकतें. अदाची यांच्या कार्यशाळेनें आजवर सुमारें बाराशें चित्रें अशीं पुन्हां कोरलीं आहेत.

यांत आणखी एक मौज आहे. करडईचा तांबडा आणि फुलांपासून काढलेला जुना निळा हे उजेडानें उडून जातात. संग्रहालयांतील दोनशें वर्षांच्या तावांवर जें फिकट पिवळट सौंदर्य दिसतें, तें पुष्कळदां चित्रकाराचें नसून काळाचें असतें. एदोच्या दुकानांत ताव टांगला तेव्हां राक्षसाची जीभ किती लाल होती हें पाहावयाचें असेल, तर तें प्रामाणिक नकलेंतच दिसतें. जुना ताव इतिहासाचा साक्षी आहे, तर नवा छाप त्याच्या पहिल्या दिवसाचा.

येथें आपल्याकडील चित्रांची आठवण होणें अपरिहार्य आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस निघाला, १८९९ मध्यें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, पुढें जर्मन तंत्रज्ञ श्लायखर यांच्याकडे आला आणि १९७२ च्या आगींत त्याचें पुष्कळसें साहित्य नष्ट झालें. त्या छापखान्याच्या रंगीत तावांनीं दत्तात्रेय, सरस्वती आणि जटायू यांना जो चेहरा दिला तोच आज बहुतेक घरांच्या मनांत वसला आहे. पण एकेका रंगासाठीं एकेक दगड तयार करून त्यांवरून असें चित्र छापण्याची विद्या त्या चेहऱ्याबरोबर पुढें चालली नाहीं. आज बाजारांत मिळणाऱ्या रविवर्म्याच्या चित्राच्या प्रती बहुधा फोटोवरून यंत्रानें काढलेल्या असतात. चित्र वांचलें, विद्या वांचली नाहीं. जपानी नकलेकडे पाहतांना मनाला जी चुटपुट लागते ती याची. नक्कल करण्यांत हिणकस कांहीं नाहीं. काय जिवंत ठेवण्यासाठीं ती केली, हें पाहावें लागतें.

घरांत आलेलें चित्र कोणत्या प्रकारचें आहे, हें ओळखण्याच्या खुणा फार अवघड नाहींत. प्रथम साधें भिंग घ्यावें. रंगाच्या जागीं बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तें यंत्राचें काम. काष्ठचित्रांत रंग सलग असतो, आणि आकाशासारख्या मोकळ्या जागीं कधीं कधीं लाकडाची शीर उमटलेली दिसते. मग ताव उलटून पाहावा. हातानें घासून छापलेल्या चित्रांत रंग कागदांत मुरून मागें उतरलेला असतो आणि बारेनच्या फेऱ्यांच्या खुणा अंधुक दिसतात. यंत्राच्या चित्राची पाठ कोरी. तिसरी गोष्ट, ताव तिरप्या उजेडांत धरावा. ठशाची रेषा कागदांत किंचित दबलेली जाणवते. शेवटीं समास पाहावा. प्रामाणिक कार्यशाळेची मुद्रा बहुधा तेथें असते. ती दिसली तर चित्र हलकें ठरत नाहीं; उलट, त्याच्या कुळाचा दाखला मिळतो. आणि जो विक्रेता मुद्रा नसलेला, लखलखीत रंगांचा ताव 'शेंदीडशें वर्षांचा' म्हणून पुढें करतो, त्याच्यापाशीं अधिक वेळ घालवूं नये.

राखण्याचे नियमही थोडेच आहेत. चित्र उन्हाच्या झोतांत किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगूं नये. कांच चित्राला टेकूं देऊं नये. मधें जाड पुठ्ठ्याची चौकट असावी. मागें गोंद किंवा चिकटपट्टी लावूं नये. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत कागद कडक होतो आणि पावसाळ्यांत कसर लागते. म्हणून वर्षांतून दोन वेळां चौकट उतरवून पाहावी. यंत्राचें चित्र असेल तर इतकी काळजी घेण्याचें कारण नाहीं, पण तेंही तुच्छ मानण्याचें कारण नाहीं. शेवयांच्या वाडग्याच्या किमतींत घरीं नेतां यावें म्हणूनच ही कला जन्मास आली होती. ज्या मुलाजवळ तेवढेच पैसे आहेत, त्यानें यंत्राचा ताव आणून ताकियाशाची कथा शोधून वाचली, तर कुनियोशीचा हेतु सफळच झाला म्हणावयाचा.

म्हणून 'खरें कीं नक्कल?' या वडिलांच्या प्रश्नाला घरांतील मुलानें असें उत्तर द्यावें कीं, हें चित्र आरंभापासून नकलेनेंच जगत आलें आहे; ही नक्कल कोणाच्या हातची आणि ती आपलें नांव सांगते कीं नाहीं, एवढें पाहूं. मग दोघांनीं मिळून भिंग घ्यावें आणि ताव उलटून पाहावा. शेजारच्या चौकटींतला जटायूही एकदां तसाच उतरवून पाहण्यास हरकत नाहीं. तो कोणत्या छापखान्यांतून, कोणत्या दगडांवरून आणि कोणाच्या हातून या घरीं आला, हें त्याच्या कडेला अजूनही बारीक अक्षरांत लिहिलेलें असेल. गाविलगडच्या गंडभेरुंडाजवळ कोरणाऱ्याचें नांव शोधूं जातां हातीं कांहीं लागत नाहीं. कागदावरच्या प्राण्यानें तें आपल्या समासांत जपून ठेवलें आहे. वाचण्याची तसदी मात्र घरच्या माणसांनीं घ्यावयास हवी.